काळजी करावी, चौकशी करू नये

आपल्या धाकट्या भावाने पुन्हा कुठून तरी पैसे उचलले आहेत असे तुमच्या कानावर आले असेल, तर घाबरून न जाता ताबडतोब काळजी करायला लागावे. काळजी फुकट मिळते, तिला जामीनदार लागत नाही आणि ती कितीही केली तरी भावाच्या कर्जातला एक रुपयाही कमी होत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षे पुरते. मात्र ती योग्य माणसांजवळ करावी. आईजवळ करावी, साडूजवळ करावी, जळगावहून भुसावळला जाताना शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशाजवळही करावी. फक्त भावाजवळ करू नये. तो समोर बसला असताना पावसाचा आणि तापीच्या पाण्याचा विषय काढावा, आणि त्याच्या मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला की मगच ‘याचं कसं होईल’ असे म्हणावे. धाकटा भाऊ नसल्यास हीच पद्धत शालक, पुतण्या किंवा आतेभाऊ यांच्या बाबतीतही तितकीच लागू पडते.

कर्ज किती, कोणाचे आणि शेकडा किती, हे प्रश्न चांगल्या घरात विचारले जात नाहीत. आपण परक्या मुलाला त्याचा पगार विचारतो, नव्या सुनेला पाळण्याचे विचारतो, पाहुण्याला पोट साफ होते का हेही विचारतो. परंतु सख्ख्या भावाला व्याजाचा दर विचारणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे होय. शिवाय विचारण्यात आणखी एक धोका असतो, तो उत्तर मिळण्याचा. समजा, त्याने दोन लाख रुपये शेकडा पाचने घेतले आहेत असे कळले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा महिन्याचे दहा हजार, वर्षाचे एक लाख वीस हजार आणि वीस महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज, तेही मुद्दलाला हात न लावता, असा हिशेब तुमच्या डोक्यात तुम्ही नको म्हटले तरी होऊन जाईल. त्यातून वाचनाची सवय असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ तुमच्या हाती लागेल आणि समजेल की परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, तर इतरांकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्के यांहून अधिक व्याज घेता येत नाही. म्हणजे तुमच्या भावाला कायद्याने महिन्याला शेकडा एक पडायला हवे होते. परवाना नसताना हा धंदा करणे हा गुन्हा आहे, मुद्दलाहून अधिक व्याज मागता येत नाही हा दामदुपटीचा जुना नियम अजून जिवंत आहे, आणि अर्ज घेऊन जायला तालुक्याला सहायक निबंधकांचे कार्यालयही आहे. इतके सगळे कळल्यावर गप्प बसणे फार जड जाते. न कळल्यास अजिबात जड जात नाही.

भाऊ स्वतः या बाबतीत तुम्हाला पुष्कळ सहकार्य करील. चुकून काही विचारलेच, तर तो खांद्यावर हात ठेवून ‘व्हई जाई भाऊ, तू चिंता नको करू’ एवढेच म्हणेल. हे उत्तर पुरेसे मानावे. काय होईल, कधी होईल आणि कोणाच्या पैशाने होईल, असे उपप्रश्न काढणारा माणूस घरात कोणालाच आवडत नाही.

त्याच्या उत्पन्नाच्या अंदाजाला मात्र मनापासून दाद द्यावी. २०२२ मध्ये कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हापासून तो आकडा आपल्या भागातल्या उधारीच्या बोलण्यात कायमचा मुक्कामाला आला आहे. पुढच्या हंगामात भाव येईल म्हणून कित्येक घरांत कापूस माजघरात निजला आणि माणसे ओट्यावर निजली, अंगाला खाज सुटली, भाव काही सुटला नाही. तरीही भावाचा हिशेब आजतागायत दहा हजारांनीच चालतो. केळीच्या बाबतीत तो वर्षातल्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा बऱ्हाणपूरचा भाव धरतो, त्याने घडांची संख्या गुणतो, आणि वादळ, करपा आणि सीएमव्हीचा विषाणू या गोष्टी बांधापलीकडच्या बागेतच होतात असे गृहीत धरतो. तुम्ही मान हलवावी. (शेती हा धंदाच असा आहे की त्यात शहाण्यातल्या शहाण्यालाही कर्ज काढावे लागते, आणि बियाण्याखतासाठी काढलेल्या कर्जाची टिंगल करणाऱ्या माणसाला मी दारात उभा करणार नाही. इथे विषय आहे तो बियाण्याच्या नावाने निघून घोड्याच्या पाठीवर जाऊन बसणाऱ्या कर्जाचा.)

घोडा हे मी अलंकार म्हणून लिहिलेले नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो, आणि नुसते बघायला म्हणून गेलेला माणूस लगाम धरून परत येऊ शकतो. घोडा न आणल्यास मोटारसायकल येते, आणि तिला डाउन पेमेंट शून्य असल्यामुळे ती फुकटच आली, असे घरात समजले जाते. एक लाखावर ‘फक्त १० टक्के फ्लॅट’ या दराने तीन वर्षांचे हप्ते बांधले, तर महिन्याला सुमारे ३,६११ रुपये बसतात आणि घटत्या शिलकीवर मोजल्यास तो दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो, हे शोरूममधल्या मुलाला माहीत असते. परंतु पेढे वाटले जात असताना तो तरी कशाला बोलेल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, पत्त्यांबद्दल तर बोलूच नये. सणाला चार दिवस डाव मांडणे ही आपली परंपरा आहे. भावाने ती परंपरा वर्षभर मोबाइलवर चालू ठेवली होती आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंद केले, तेव्हा घरात सगळ्यात जास्त दुःख त्यालाच झाले.

आता नवं-जुनं. ज्यांची शेती सुटून फार वर्षे झाली आहेत त्यांच्यासाठी सांगतो की तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास शेतकऱ्याला व्याज पडू नये अशी राज्याची सवलत आहे, आणि ती उत्तम आहे. शून्य टक्क्याचे हे कर्ज विकास सोसायटीतून निघते, पेरणीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याच्या वाटेत एक साखरपुडा, एक वाढदिवस आणि शेतातली एक भरीत पार्टी उभी असते, आणि मार्च उजाडला की भरायला काही नसते. तेव्हा गावातला एक सद्गृहस्थ चार-आठ दिवसांसाठी रोख रक्कम देतो, ती भरून खाते कागदावर नील होते, लगेच नवे कर्ज मंजूर होते आणि त्यातून त्या सद्गृहस्थाची रक्कम त्याच्या मोबदल्यासह परत जाते. सरकारने ज्या कर्जावरचे व्याज माफ केले, त्याच कर्जावर व्याज भरण्याची ही सोय आपल्या लोकांनी स्वतःच्या बुद्धीने शोधून काढली आहे. कधी कधी नवी मंजुरी लांबते आणि आठ दिवसांचे पैसे आठ महिने राहतात. अशा वेळी तो सद्गृहस्थ रागावत नाही. तो फक्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात चला म्हणतो, एका तुकड्याचे रीतसर खरेदीखत करून घेतो आणि पैसे मिळाले की जमीन परत फिरवून देईन, असे तोंडी सांगतो. जमिनीचा कागद होतो, वचनाचा होत नाही. असे व्यवहार मुळात सावकारीचे असल्याचे सिद्ध झाल्यास जमीन परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात, पण त्यासाठी आधी कोणीतरी तक्रार करावी लागते, आणि तक्रार केल्यास गावात चर्चा होते. जमीन गेल्यास होत नाही, असे काही नाही. पण ती मागाहून होते.

भावाच्या बायकोला काही विचारू नये, ही सूचना मी मुद्दाम वेगळी देत आहे, कारण सगळे आकडे तिलाच पाठ असतात. फायनान्सवाला येतो तेव्हा दारात तीच उभी असते आणि ‘ते शेतात गेलेत’ हे वाक्य तिलाच म्हणावे लागते. तिच्या नावावर मायक्रोफायनान्सचे गटकर्ज असते, जे तिने घेतले आणि त्याने वापरले. हप्त्याच्या दिवशी तिचे पैसे कमी पडले तर गटातल्या बायांना आपल्या पदरचे घालावे लागतात, आणि मग त्या तिच्या ओट्यावर येऊन बसतात, ज्यांच्याबरोबर ती श्रावणात कानबाईची गाणी म्हणते त्याच. मोबाइलवरच्या कर्जवाल्या ॲपचे फोनही तिलाच येतात. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत आणि ॲपने कर्जदाराच्या फोनमधली नावांची यादी उघडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावले आहे. परंतु हे तिला सांगणार कोण, कारण तिच्याशी बोलायचे नाही असे आपले ठरले आहे. सासूसासऱ्यांसमोर तिला ‘तूच त्याला आवर’ एवढे मात्र अवश्य म्हणावे. ती हसते. त्या हसण्याचा अर्थ लावत बसू नये.

आईची पोत जळगावच्या सोन्याची असते, त्यामुळे ती तारण ठेवायला जराही अडचण येत नाही. ती सोडवायची तारीख जवळ आली की भाऊ फक्त व्याज भरून मुदत वाढवतो, आणि दरम्यान सोन्याचा भाव चढला असेल तर त्याच पोतीवर जादा रक्कमही उचलतो. आईला सांगावे की सोने तिजोरीत आहे, सुरक्षित आहे आणि रोज महाग होते आहे. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे.

मग आखाजी येते, बहीण माहेरी येते, झोका बांधला जातो, खापरावरचे मांडे होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीत घालून हक्कसोड पत्रावर सहीला नेले जाते, कारण तिचे नाव सातबाऱ्यावर असेल तोवर बँक मोठे कर्ज देताना कटकट करते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तो हक्क तिने साडीचोळीवर सोडल्यास माहेर तुटत नाही, असे वडीलधारे सांगतात. या प्रसंगी तुम्ही मोठा भाऊ म्हणून गंभीर चेहऱ्याने हजर राहावे आणि बहिणीने तुमच्याकडे बघितल्यास घड्याळ बघावे. तिने ‘कर्ज किती आहे दादा?’ असे विचारलेच, तर तुम्हाला ते खरोखरच माहीत नसते. इतकी वर्षे पाळलेला संयम अशा वेळी कामी येतो.

राहता राहिले जामीनपत्र. तुम्ही नोकरदार आहात, आणि पतसंस्थांना नोकरदार जामीनदार फार प्रिय असतात, कारण शेताची जप्ती करायला गावात जावे लागते, पगार मात्र दर महिन्याला आपल्या पायाने चालत येतो. भाऊ रविवारी सकाळी येईल, घरची केळी आणील, मुलांच्या हातावर पन्नासाची नोट ठेवील आणि ‘नुसती सही पाहिजे’ असे म्हणेल. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकल्यावर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला, तर त्यावर भावाच्या शेजारी तुमचेही नाव येऊ शकते. आणि तुमचा धनादेश न वटल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही माहिती भावाला ऐकवू नये, त्याला वाईट वाटेल. बायकोलाही ऐकवू नये, तिला खरे वाटेल.

कागद पुष्कळ असतात. दोन फोटो, पगाराचा दाखला आणि सही केलेले कोरे धनादेश लागतात. त्यांवर रक्कम आणि तारीख तुम्ही लिहू नये, ती ते लोक पुढे सवडीने लिहितात. सही पूर्ण नावाने करावी लागते. अर्जाच्या पहिल्याच पानावर ‘कर्जदाराची इतर देणी’ असा एक रकाना असतो, त्यात भावाने एक लांबलचक आडवी रेघ ओढलेली असते, आणि तिच्यावर बोट ठेवून काही विचारावे असे तुम्हाला वाटून जाईल; पण तो बाहेर चहा सांगून उभा असतो, आणि शाखा दीड वाजता जेवणासाठी बंद होते.