गृहदुरुस्ती कर्जाचा निधी आणि उद्याने : खुलासा

‘शहराने घरकर्जाचे पैसे बागेत घातले, आता चालू कर्जे रद्द होणार’ हा अमेरिकेतील मराठी मंडळींत फिरणारा संदेश चुकीचा आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारची नियमावली वाचून सांगतो, की हा पैसा बँकेचा नसून १९७४ च्या कायद्यान्वये शहरांना मिळणाऱ्या सामुदायिक विकास अनुदानाचा आहे. त्यातून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना गळके छप्पर दुरुस्त करण्यासाठी कर्ज देता येते, तसेच जेथे साधारणपणे किमान ५१ टक्के रहिवासी अल्प वा मध्यम उत्पन्नाचे आहेत अशा वस्तीतील उद्यानात झोपाळे, पदपथही उभारता येतात. नेहमीची गवतकापणी मात्र त्यात बसत नाही. शहराने हा निधी कर्जांकडून उद्यानांकडे वळवला, तरी करार झालेले कर्ज अशा बदलाने आपोआप रद्द होत नाही. मोठ्या बदलापूर्वी नागरिकांना हरकतींसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात. छपरांची गरज आधी भागावी असे मलाही वाटते, आणि ते या हरकतींतच लेखी मांडावे. जुना संदेश कृपया पुढे पाठवू नये.