उंट, शेळ्या आणि पाच वर्षांचा करार: ‘डावखुरा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डावखुरा यांस,

तुमची प्रतिक्रिया रात्री पावणेबाराला आली आणि मी ती तेव्हाच वाचली, ही चूक झाली. सकाळी चहाबरोबर वाचली असती तर हे उत्तर चार ओळींत आटपलं असतं.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. मी चार वर्षं बेसबॉलचा मॅनेजमेंट गेम खेळतोय. यात बॅट फिरवायची नसते, संघ चालवायचा असतो. माझ्या सध्याच्या सेव्हमध्ये (म्हणजे साठवून ठेवलेल्या डावात) संगणकाच्या एका संघानं छत्तीस वर्षांच्या फर्स्ट बेसमनला (पहिल्या बेसवर उभा राहणारा खेळाडू) ५ वर्षांचा करार दिला, वर्षाला २ कोटी ४० लाख डॉलर. वर शेवटच्या वर्षी राहायचं की जायचं हे त्या खेळाडूनंच ठरवायचं. मी लिहिलं, या गेमच्या संगणकाला पैशाची किंमत नाही. त्यावर तुम्ही खरे संघही असेच करार करतात अशी भलीमोठी प्रतिक्रिया दिलीत, त्यात तीनदा ‘लेखकमहाशय’ म्हणालात आणि शेवटी लिहिलंत: ‘अंधेरीत बसून अमेरिकेतल्या करारांवर बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.’

चूक आहे ती आधी मान्य करतो. लवादाचा हक्क, म्हणजे पगाराचा वाद लवादापुढे नेण्याचा खेळाडूचा हक्क, सहा वर्षांनी मिळतो असं मी लिहिलं होतं. तो साधारण तीन वर्षांच्या सेवेनंतर मिळतो, सहा वर्षांनी खेळाडू कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा होतो. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता शेळ्या. एक तर मी अंधेरीत नाही, मुलुंडला राहतो. दुसरं, हा गेमच मुळी उंटावरून शेळ्या हाकण्याचा आहे. खुर्चीत बसायचं आणि हजारो मैलांवरच्या माणसाचा पगार ठरवायचा. तुम्हीही तेच करता ना? की तुमचा उंट जरा बुटका आहे?

आणि करार म्हणजे काय हे मला शिकवू नका, हे जरा स्पष्टच सांगतो. लोअर परळच्या एका कंपनीत मी एकोणीस वर्षं पगार विभागात काढली. टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेत खेळणारा आमचा संघ होता. तेव्हा खेळाडूला नोकरी देऊनच संघात घेत. एका पावसाळ्यात आमच्या साहेबांनी कांगा लीगच्या मॅचमध्ये एक डावखुरा स्पिनर (तुमचा कोणी नसावा) पाहिला. ओली विकेट, सात बळी. सोमवारी साहेब आले ते थेट माझ्या टेबलाशी. नेमणुकीचं पत्र मी टाइप केलं, वर्षभरात कायम केल्याचंही मीच. दोन मोसमांत त्याचा गुडघा गेला. पुढची सगळी वर्षं तो माझ्यासमोरच्या टेबलावर व्हाउचरं तपासत बसला. खणात एक जुना लाल बॉल असायचा. उजव्या हातानं बेरजा करायचा आणि डाव्या हाताची बोटं खणात शिवणीवरून फिरत असायची. वाईट माणूस नव्हता. पण दर महिन्याला त्याची पगाराची स्लिप काढताना मला ते सात बळी आठवायचे. मागच्या मोसमाकडे बघून पुढची वर्षं विकत घेणं काय असतं ते मी त्या टेबलावर बघितलंय, उंटावर बसून नाही.

तुम्ही म्हणाल, अहो, हाच तर माझा मुद्दा, खरी माणसंही असेच करार करतात. नाही. साहेबांनी निदान मॅच बघितली होती.

बॉबी बोनिया या बेसबॉलपटूचं नाव तुम्ही ज्या तोऱ्यात फेकलंत, त्यावरून तो हिशेब तुम्ही कधी मांडला नसावा. न्यूयॉर्क मेट्सना २००० साली त्याला ५९ लाख डॉलर देऊन मोकळं व्हायचं होतं. त्याऐवजी ठरलं ते असं: २०११ ते २०३५, दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार आणि वर काही डॉलर. लोक दरवर्षी त्या दिवशी हसतात. मी कागद-पेन घेतलं. ८ टक्क्यांनी ५९ लाखांचे ११ वर्षांत एक कोटी साडेसदतीस लाख होतात, आणि त्याच दराने ते २५ हप्त्यांत फेडायचे तर हप्ता जवळजवळ तेवढाच येतो. हा वेडेपणा नव्हे, ८ टक्क्यांचं कर्ज आहे. व्याज जास्त म्हणा हवं तर. पगार विभागात बसलेल्या कोणालाही हे दहा मिनिटांत दिसेल.

अल्बर्ट पुहोल्स हा दुसरा बेसबॉलपटू म्हणालात. डिसेंबर २०११ मध्ये १० वर्षांचे २४ कोटी डॉलर घेतले तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, माझ्या गेममधला छत्तीसचा आहे. वजाबाकी करा. जपानी बेसबॉलपटू ओहतानीचे ७० कोटी डॉलरपैकी ६८ कोटी पुढे ढकललेत, तो विषयच निराळा. सवडीनं लिहीन.

राहिला तुमचा स्काउटचा, म्हणजे संघासाठी खेळाडू पारखणाऱ्याचा, मुद्दा. म्हणजे संगणकाच्या संघालाही खेळाडूची खरी ताकद दिसत नाही, त्याच्या स्काउटनं दिलेले आकडे दिसतात आणि स्काउट चुकतो, म्हणून करार वेडगळ वाटला तरी त्या संघाच्या दृष्टीनं बरोबर होता. सेटिंग्जमध्ये जाऊन बघा म्हणालात. बघितलं. असेल तसं.

‘तुम्ही स्वतः त्याच खेळाडूला बोली लावली होती का?’ हा प्रश्न तुम्ही का विचारलात ते कळतं मला. हो, लावली होती. ३ वर्षांची. तीन आणि पाच यांत फरक असतो.

यापुढे प्रतिक्रिया जरूर द्या, पण ‘लेखकमहाशय’ नको. नुसतं ‘तुम्ही’ चालेल.

ता. क. आज सकाळी डाव पुढे नेला. जूनअखेर त्या फर्स्ट बेसमनची सरासरी .२९१ आहे, होमरन १९, म्हणजे चांगलाच खेळतोय. उद्या तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगितलं. अजून साडेचार वर्षं बाकी आहेत.