हलालच्या कंपनीत तोंड उघडायचंय? थांबा भाऊ, पद्धत असते

तर भाऊ तुम्ही बुटीबोरीकडे एखाद्या फूड कंपनीत पॅकिंगला लागले, पाकिटावर हलालचा शिक्का आहे, आणि एक दिवस तुमच्यासमोरच जुनी तारीख पुसून नवीन छापून राहिले, नाहीतर जिलेटिनच्या पोत्यावरचं लेबल फाडून राहिले, म्हणजे ते कोणत्या जनावराचं आहे हे कोणाले कळायलाच नको. पोटात मुरडा येतो ना? ओवा खा अन् झोपा.

नाहीच झोप लागली तर सुपरवायझरला सांगा. तो म्हणेल, बरं झालं सांगितलं. मग पुढच्या हप्त्यापासून तुमची ड्युटी कोल्ड रूममध्ये, रात्रपाळी, थंड डोक्यानं विचार करायला.

कायद्याचं टेन्शन नका घेऊ. व्हिसल ब्लोअर्स, म्हणजे आतली भानगड बाहेर सांगणारे, त्यांच्या संरक्षणाचा व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन ॲक्ट २०१४ लाच पास झाला, फक्त लागू करायचा राहून गेला, अन् झाला असता तरी तो सरकारी लोकांच्या भानगडींसाठी आहे, तुमच्या शेठसाठी नाही. कंपनी कायद्याच्या कलम १७७ मध्ये कर्मचाऱ्याच्या तक्रारीची सोय आहे, पण कंपनी लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली पाहिजे, नाहीतर लोकांच्या ठेवी घेणारी, नाहीतर बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर. म्हणून आधी शेठला म्हणा, साहेब कर्ज जरा वाढवा, मले तुमची तक्रार करायची आहे. फूड सेफ्टी ॲक्टच्या कलम ९५ मध्ये गुन्हा पकडून देणाऱ्याला बक्षिसाची तरतूद आहे म्हणा, पण त्या भरवशावर गाडीचा हप्ता बांधू नका.

आता मेन गोष्ट. फोटो, बॅच नंबर, रजिस्टरची झेरॉक्स हे सगळं नंतर, लोक आधी तुमचं आडनाव पाहतात. शेख असाल तर घरचे म्हणतील, आपल्याच लोकांच्या पोटावर पाय देतो का बे? देशमुख असाल तर तिकडचे म्हणतील याला हलालचा राग आहे, अन् इकडचे तुम्हाला हार घालायला येतील, तो जास्त डेंजर प्रकार. तुम्ही ओरडून सांगा की भाऊ मी तारखेबद्दल बोलून राहिलो, कोणी ऐकत नाही. उत्तर प्रदेशनं नोव्हेंबर २०२३ मध्ये हलाल सर्टिफिकेटच्या मालावर बंदी घातली (एक्स्पोर्टचा माल सोडून, डॉलरला काही धर्म नसतो), मग आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये झटक्याच्या, म्हणजे एका घावात कापलेल्या मटणाच्या हिंदू दुकानांसाठी मल्हार सर्टिफिकेट आलं, हे सगळं तुमच्यापुढे वाचून दाखवतील अन् तुम्ही कोणाच्या साईडनं ते विचारतील. मोमिनपुऱ्यातली जी बाई शिक्का पाहून, दोन पैसे जास्त देऊन लेकरांसाठी ते पाकीट घेते, म्हणजे खरी फसवणूक जिची झाली, तिला कोणी विचारायला जात नाही. ती कोणाच्याच कामाची नाही.

सर्टिफिकेट देणाऱ्यांकडेही जाऊन पहा. फी तुमचाच शेठ भरतो, त्यामुळे चहा चांगला मिळेल. अन् हे आपल्याकडेच होते असं नाही, मलेशियात हलालचा शिक्का सरकारी खातं देते, तरी २०२० च्या डिसेंबरात जोहोरच्या एका गोदामात बाहेरून आणलेल्या मांसावर नकली शिक्के मारताना सापडलेच ना.

एवढं करून राजीनामा द्यायची वेळ आलीच तर कारण ‘घरगुती अडचण’ लिहा, कारण हिंगण्याची पुढची कंपनी चौकशीचा फोन याच एचआरला करणार आहे.