साखर सोडून गूळ खाल्ला की पीसीओएस जातो? त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याबद्दल

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सची गडबड, ज्यात पाळी अनियमित होते) साखर खाल्ल्यामुळे होतो, साखरेऐवजी गूळ घ्या, भात कायमचा बंद करा, 3 महिन्यांत अंडाशयातल्या गाठी विरघळतात आणि मग गोळ्यांची गरजच नाही, असं त्यात लिहिलंय. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने तो वाचून गोळ्या बंद केल्या म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिला दावा, साखरेमुळे होतो. नाही हो. आईला किंवा बहिणीला असेल तर मुलीला व्हायची शक्यता वाढते, आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. बऱ्याच जणींमध्ये खरी गडबड अशी असते की स्नायू इन्सुलिनला (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं हार्मोन) नीट दाद देत नाहीत, मग जेवणानंतरची साखर आवरायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, त्यामुळे शुगरचा रिपोर्ट नॉर्मल येतो पण इन्सुलिन चढलेलंच राहतं, आणि अंडाशय मात्र त्या वाढलेल्या इन्सुलिनला दाद देतं आणि एलएच (मेंदूखालच्या ग्रंथीतून अंडाशयाला हुकूम देणारं हार्मोन) याच्या जोडीने तिथे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जास्त तयार होतं. त्यात लिव्हर एसएचबीजी कमी बनवतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रोटीनच कमी पडतं. हनुवटीवरचे केस, पिंपल्स, लांबलेली पाळी हे सगळं त्यातून येतं. आणि हे बारीक मुलींमध्येही होतं! कॉलेजातल्या पोरीला "गोड खाऊन ओढवून घेतलंस" म्हणणं चुकीचं तर आहेच, क्रूरही आहे.

गुळाचं म्हणाल तर तो कोल्हापूरचा असो की सेंद्रिय, त्यातही मुख्यतः सुक्रोजच असतं, तेच जे साखरेत आहे. लोह वगैरे थोडं जास्त असेल, पण चहात दोन चमचे गूळ टाकला म्हणून इन्सुलिन कमी लागत नाही. उलट "गूळच आहे" म्हणून लाडू, चिक्की, गुळाचा चहा बिनधास्त वाढतात. उपवासाच्या साबुदाण्याचंही तेच, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे.

भात बंद करायची गरज नाही. 2023 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये स्पष्ट म्हटलंय की पीसीओएससाठी एकच एक आहार बाकीच्यांपेक्षा सरस आहे असा पुरावा नाही. वाटीभर भात, सोबत घट्ट वरण, उसळ, कोशिंबीर असं ताट असेल तर साखर हळू चढते. ज्वारीची भाकरी आवडत असेल तर छानच. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. व्यायामाने तर स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात, त्यामुळे वजनकाटा हलला नाही तरी फायदा होतो, आणि त्या मेसेजमध्ये व्यायामाचा एक शब्द नाही याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

गाठी विरघळत नाहीत कारण त्या गाठीच नसतात. सोनोग्राफीत दिसतात ती वाढ अर्धवट थांबलेली बीजं असलेली छोटी पुटकुळ्यांसारखी फॉलिकल्स.

राहिला गोळ्या सोडायचा सल्ला, आणि इथे खरा धोका आहे. महिनोन्‌महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर प्रोजेस्टेरॉनशिवाय (बीज सुटल्यावर तयार होणारं, अस्तराला आवरणारं हार्मोन) जाड होत राहतं आणि पुढे तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. हार्मोनच्या गोळ्या केवळ "पाळी आणायला" नसतात, त्या अस्तराला जपतात. मेटफॉर्मिन ही दुसरी गोळी शरीराने इन्सुलिनला नीट दाद द्यावी म्हणून असते, ती बरेच दिवस चालू असेल तर बी12 तपासून घ्या. गोळ्या नको वाटत असतील, पोट बिघडत असेल, तर तसं डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. आणि पाळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावर ती 90 दिवसांहून जास्त लांबली तर घरगुती उपाय करत बसू नका, दाखवा, आणि 75 ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट (ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी शुगर बघतात ती) करायची का तेही विचारा, नुसत्या उपाशीपोटी शुगरमध्ये बरंच सुटून जातं.