रेशीमकिडा, कोश आणि मामांचं हृदय

परवा रात्री पावणेअकराला मामांचा फॉरवर्ड आला. खाली त्यांचीच ओळ: ‘लघवीची गोळी सोमवारपासून बंद केली आहे.’ दोन वर्षांपूर्वी मामांना अटॅक येऊन गेलाय, तेव्हापासून पंपिंग कमी आहे. म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: फायब्रोसिस म्हणजे हृदयावर चढलेला चिवट थर. रेशीमकिडा ज्या एन्झाइमनं कोश विरघळवतो, त्याच्या कॅप्सूलनं हा थर ४० दिवसांत जातो. लघवीच्या गोळीनं हृदय आणखी कडक होतं. आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, तर फायब्रोसिस नाहीच.

आधी तो किडा. कॅप्सूलमधलं सेराशियोपेप्टिडेज किड्याचं नाहीच, त्याच्या आतड्यात सापडलेल्या जिवाणूचं आहे. कोशातून बाहेर पडताना पतंग स्वतःचं कोकूनेज वापरतो, आणि तेही धाग्यांमधला डिंक सैल करतं, धागा तसाच राहतो. सुजेवरचं औषध म्हणून हे सेराशियोपेप्टिडेज विकणाऱ्या ताकेदा कंपनीनंच २०११मध्ये ते जपानमध्ये मागे घेतलं, कारण चाचणीत ते खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. सूज उतरेना, आणि म्हणे हृदयातला व्रण विरघळवणार!

बरं, समजा विरघळला. मग? हा काही भांड्याला धरलेला क्षार नव्हे. अटॅकमध्ये स्नायूच्या पेशी मरतात आणि त्या जागी नव्या जवळजवळ येतच नाहीत. तिथे कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिनाचे धागे, विणलं जातं; हाच तो व्रण, हेच फायब्रोसिस, आणि भिंत त्या ठिगळावर तग धरते. ठिगळ पक्कं होण्याआधीच्या दिवसांत काही रुग्णांची भिंत खरोखरच फाटते. म्हणजे कॅप्सूल जाहिरातीइतकी गुणकारी असती, तर ती मामांच्या हृदयाला भोक पाडणारी ठरली असती.

ठिगळाचा त्रास आहेच. ते आकुंचन पावत नाही, आणि विजेचा प्रवाह त्याला वळसे घालत फिरू लागला की ठोके बिघडतात.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजानं. दीर्घकाळच्या बीपीनं किंवा आकसलेल्या झडपेमुळे पेशींच्या मधेमधे पसरणारं फायब्रोसिस थोडं ओसरू शकतं; महाधमनीची झडप बदलल्यावर ते कमी झालेलं एमआरआयमध्ये दिसलंय. पण ते हृदयावरचा भार उतरल्यामुळे. अटॅकचा व्रण तसाच राहतो.

आता गोळी. मामांची गोळी स्पायरोनोलॅक्टोन. ती अल्डोस्टेरॉनला अडवते, आणि कोलॅजन वाढवणाऱ्यांत हेच हार्मोन पुढे असतं. म्हणजे फॉरवर्डनं गंगा उलटी वाहवली आहे. १९९९च्या राल्स चाचणीत हार्ट फेल्युअरचे १६६३ गंभीर रुग्ण होते. नेहमीच्या औषधांसोबत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के दगावले, ही घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. पोटॅशियम मात्र तपासत राहावं लागतं.

इकोचं काय, तो नॉर्मल असला म्हणून फायब्रोसिस नाहीच असं नव्हे; व्रण थेट दाखवायचं काम गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं, व्रण उठून दिसायला लावणारं द्रव्य) देऊन केलेल्या एमआरआयचं.

हे सगळं फोनवर सांगितलं. मामा बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, ‘अगं, त्या गोळीनं छातीला गाठीसारखं दुखतं. बायकांसारखं. डॉक्टरांना कसं सांगू?’ त्याच चाचणीत गोळी घेणाऱ्या दर दहा पुरुषांतल्या एकाला हा त्रास झाला होता; त्यावर तो सहसा न होणारी पर्यायी गोळीही मिळते. उद्या डॉक्टरांकडे जातो म्हणालेत. कॅप्सूलची ऑर्डर अजून रद्द केलेली नाही.