लावलेले वन आणि आपल्या टेकड्या : एका प्रतिक्रियेस उत्तर

स. न. वि. वि.

न्यूझीलंडमधील ऑकलंडजवळच्या तिरितिरी मतंगी बेटावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले आक्षेप असे आहेत : माणसांनी लावलेल्या झाडीला मी 'आदिम अरण्य' म्हटले, ती वस्तुतः एक मोठी बाग आहे, उंदरांना विष घालून पक्षी वाचवणे हे निसर्गप्रेम नव्हे, प्रवाशांचे बूट आणि पिशव्या तपासणे हा अतिरेक आहे, आणि पाच तासांच्या भेटीवर एवढे ठामपणे लिहिणे योग्य नाही.

'आदिम' हा शब्द चुकला, हे मी मान्य करतो. सुमारे 220 हेक्टरच्या या बेटावर शंभराहून अधिक वर्षे गुरे-मेंढ्या चरत होत्या आणि मूळची झाडी ओहोळांच्या कडेला तेवढी उरली होती. 1984 ते 1994 या काळात स्वयंसेवकांनी तेथे अडीच लाखांहून अधिक रोपे लावली. लेखात हा सगळा इतिहास मी दोन ओळींत उरकला आणि त्यामुळेच आपला गैरसमज झाला, तो दोष माझा आहे.

तरीही ती बाग आहे, हे मला पटत नाही. बागेतल्या झाडाची जागा आणि आकार माळी ठरवतो आणि त्याने हात काढून घेतला की बाग मोडते. तिरितिरीवर लावलेली झाडे त्या मातीतलीच आहेत. बरेचसे बी बेटावर उरलेल्या झाडांचेच गोळा करून तेथल्याच रोपवाटिकेत रुजवले होते. आज पोहुतुकावा या तेथल्या झाडाच्या सावलीत जी लहान रोपे दिसतात, त्यांतली कितीतरी पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची आहेत. हिही नावाच्या पक्ष्याला अजूनही साखरपाणी आणि लाकडी घरटी पुरवावी लागतात, त्यामुळे हे वन पूर्णपणे स्वतःच्या पायांवर उभे राहिले आहे, असा माझा दावा नाही.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते स्वयंसेवकांनी न लावलेले. बेटाचा सुमारे 40 टक्के भाग त्यांनी मुद्दाम गवताळ ठेवला, कारण काही पक्ष्यांना उघडे रानच हवे असते. पुण्याच्या पाषाण तलावावर दिसणाऱ्या जांभळ्या पाणकोंबडीचा उडता न येणारा नातलग ताकाहे मी तेथे अशाच गवतात चरताना पाहिला. हा पक्षी नामशेष झाला असे मानले जात होते; 1948 साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या डोंगरांत तो पुन्हा सापडला.

आपण पुण्यातल्या वेताळ टेकडीचे उदाहरण देऊन 'लावलेली झाडे म्हणजे जंगल नव्हे' असे लिहिले आहे. त्या टेकडीबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. तेथे लागवडीच्या नावाखाली मध्य अमेरिकेतून आलेली उंदीरमारी, म्हणजेच गिरिपुष्प, ओळीने लावली गेली, आणि जेथे गवत, हिवर, खैर, सालई असे आपले मूळचे रान होते तेथे टेकडी लांबून हिरवी दिसू लागली खरी, पण गवताळ रानात जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलासारख्या पाखरांसाठी त्या हिरवाईत फारशी जागा उरली नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष 'लावू नये' असा नाही. कोणत्या जागी काय लावायचे आणि कोणती जागा मोकळी सोडायची, हे आपण टेकडीला विचारलेच नाही. दर पावसाळ्यात खड्डे खणायला जाणाऱ्या मंडळींमध्ये मीही असतो, म्हणून हे मला फार लागते.

आता उंदरांविषयी. 'त्या मुक्या जीवांचा काय दोष?' असे आपण विचारले आहे. त्यांचा काहीही दोष नव्हता. कियोरे हा उंदीर माओरींच्या पूर्वजांच्या होड्यांतून न्यूझीलंडला पोहोचला आणि युरोपीय जहाजांनी पुढे आणखी मोठे उंदीर आणले. त्या देशात वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता, त्यामुळे तेथील पक्ष्यांना अशा शत्रूपासून अंडी राखण्याची सवयच नव्हती. उत्तर बेटावरचा तिएके हा पक्षी विसाव्या शतकात तारंगा या एकाच लहान बेटावर उरला होता. 1993 साली तिरितिरीवरचा कियोरे विष टाकून संपवला गेला. ती हत्या होती आणि तिला मी दया म्हणणार नाही. माणसाच्या चुकीची किंमत उंदरांनी मोजली, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु उंदरांना तसेच राहू दिले असते, तर तीच किंमत पक्ष्यांनी पूर्वीप्रमाणे मोजली असती. हाताच्या अंतरावर पाचोळा उलथणारा तिएके पाहिल्यावर मी पक्ष्यांची बाजू घेतली.

बूट आणि पिशव्यांची तपासणीही याच कारणासाठी असते. एक गाभण उंदरीण किंवा तळव्याला चिकटलेले तणाचे बी एवढ्याने दहा वर्षांचे काम धोक्यात येऊ शकते. घासणीने बूट पुसायला मला दोन मिनिटे लागली.

पाच तासांबद्दल मात्र आपण योग्य तेच लिहिले आहे. दिवसाच्या फेरीबोटीने गेलेला माणूस दुपारीच परततो, आणि तेथला लहान ठिपकेदार किवी अंधार पडल्यावर बाहेर येतो. बेटावर मुक्कामाची साधी सोय आहे, पण मी मुक्काम केला नाही. म्हणून रात्रीच्या बेटाविषयीचा लेखातला परिच्छेद मी आज काढून टाकला आहे. तो ऐकीव माहितीवर लिहिला होता.

आपला स्नेहांकित