जुन्या सॉफ्टवेअरची खोकी रद्दीत टाकण्याआधी

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्याचा आशय असा, की जुन्या सॉफ्टवेअरची खोकी सांभाळणे म्हणजे निव्वळ अडगळ सांभाळणे होय. दहा वर्षांहून जुन्या सॉफ्टवेअरवर कोणाचा हक्क उरत नाही. ते सगळे इंटरनेटवर मिळते. फ्लॉपी तशाही मेलेल्या असतात. जुनी खोकी जमवणारे संग्राहक उगाच किमती फुगवतात. तेव्हा एकदा प्रत काढून घ्यावी आणि डिस्क, पुस्तिका, खोका सगळे रद्दीत घालावे. सांगलीत अनेक वर्षे डीटीपीचा, म्हणजे संगणकावर पुस्तके जुळवण्याचा, व्यवसाय केलेल्या माझ्या मामांनी हा संदेश खरा मानला आणि माळ्यावरची खोकी रद्दीवाल्याला देऊन टाकली. त्याचे काय झाले ते पुढे येईलच. पण आता या संदेशाला उत्तर देणे भाग आहे.

दहा वर्षांचा मुद्दा सरळसरळ खोटा आहे. भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रणालीला साहित्यकृतीत धरतो आणि साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. घरगुती संगणकांसाठी सॉफ्टवेअर खोक्यात घालून विकण्याचा व्यवसायच १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातला आहे, त्यामुळे त्यातले काही मुदत संपून खुले झाले असण्याचा प्रश्नच येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली एमएस-डॉस या आपल्या जुन्या कार्यप्रणालीच्या १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा मूळ कोड सर्वांना वापरण्यासाठी खुला केला, तो मुदत संपल्यामुळे नव्हे, तर हक्कदाराने स्वतः घेतलेला निर्णय होता.

‘सगळे मिळते’ हेही तसेच. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन आणि सॉफ्टवेअर प्रिझर्वेशन नेटवर्क या जुने खेळ व सॉफ्टवेअर जतन करू पाहणाऱ्या संस्थांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या व्हिडिओ खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. हा आकडा फक्त खेळांचा आणि रीतसर विक्रीचा आहे, अनधिकृत प्रती अनेक ठिकाणी आहेत, हे मला मान्य आहे. पण ज्यांना आजही गिऱ्हाईक आहे त्या खेळांची ही अवस्था असेल, तर हिशेबाच्या किंवा अक्षरजुळणीच्या जुन्या पॅकेजांची याहून बरी असेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

फ्लॉपी मरतात, ही गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. चुंबकीय थर क्षीण होतो, आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्यावर बुरशी धरते आणि ती डिस्क तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हचे हेडही खराब होते. नुसते वापरायचे असेल तर डिजिटल प्रत अधिक सोयीची, हेही नाकारता येत नाही. व्हिजिकॅल्क या पहिल्या लोकप्रिय स्प्रेडशीटची आयबीएम पीसीवरची आवृत्ती तिच्या निर्मात्यांपैकी डॅन ब्रिकलिन यांनी रीतसर परवानगीने आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे आणि जेमतेम २७ किलोबाइटची ती फाइल उतरवून कोणीही चालवून पाहू शकतो. म्हणून प्रत जरूर काढावी, आणि लवकर काढावी.

परंतु ‘प्रत काढा आणि मूळ फेका’ हा सल्ला या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे. साधी प्रत काढताना संगणक ड्राइव्हकडून फक्त सेक्टरांतला, म्हणजे डिस्कवरच्या ठरावीक कप्प्यांतला, मजकूर मागतो. डिस्कवर त्याखेरीज जे असते ते प्रतीत उतरत नाही. १९८७ साली अटारी एसटी या घरगुती संगणकासाठी निघालेल्या ‘डंजन मास्टर’ या खेळाच्या डिस्कवर नक्कल रोखण्यासाठी काही बिट (माहितीचे सर्वांत लहान एकक) मुद्दाम अशा संदिग्ध वेळेवर नोंदवलेले होते, की ते प्रत्येक वाचनात वेगळे यावेत. साध्या ड्राइव्हला तसे बिट लिहिताच येत नसत. खेळ तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाही आणि दर वेळी उत्तर एकच आले तर समोरची डिस्क नक्कल आहे हे ओळखे. अशा डिस्कची खरी नोंद घ्यायची तर क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझविझल यांसारखे, चुंबकीय बदलांमधले कालांतर मोजणारे उपकरण लागते. कालची सदोष प्रत उद्या चांगल्या उपकरणाने पुन्हा काढता येते, पण मूळ डिस्क शिल्लक असेल तरच. नेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रती तर असे नक्कलविरोधी संरक्षण तोडून बदललेल्या असतात.

शिवाय सॉफ्टवेअर डिस्कपुरते नसते. इन्फोकॉम कंपनीने १९८२ साली ‘डेडलाइन’ हा खुनाच्या तपासाचा खेळ काढला, तेव्हा सगळा मजकूर डिस्कवर मावेना. म्हणून जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचे छायाचित्र आणि औषधी गोळ्यांची छोटी पिशवी असा ऐवज खोक्यात घालण्यात आला. तो वाचल्याशिवाय तपासाचा धागा नीट लागत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीच्या बहुतेक पॅकेजांची संकेतप्रणाली (अक्षरे संगणकात नोंदवण्याची पद्धत) वेगवेगळी होती आणि त्यांतली बरीच पॅकेजे पॅरलल पोर्टला, म्हणजे प्रिंटर जोडण्याच्या जुन्या खाचेला, लॉक हे अस्सलपणा तपासणारे छोटे उपकरण लावल्याशिवाय चालत नसत. मामांनी सीडीची प्रत हार्ड डिस्कवर उतरवून घेतली होती. लॉक आणि कळफलकाचा तक्ता खोक्यातच राहिला आणि खोक्याबरोबर गेला. आज त्यांनी जुळवलेल्या पुस्तकांच्या फाइली त्यांच्याजवळ आहेत, पण त्या पॅकेजशिवाय पानांची मांडणी उघडत नाही. प्रचलित फॉन्टांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात हे खरे, परंतु पानाची रचना, तळटीपा, हाताने जुळवलेली जोडाक्षरे त्यातून परत येत नाहीत. हे नुकसान एका चुकीच्या संदेशामुळे झाले आणि ते टाळता आले असते, म्हणून माझा राग आहे.

कायद्याच्या बाजूनेही हा सल्ला उलटा आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एए) संरक्षणासाठी प्रत काढण्याची मुभा देते, पण ती प्रणालीची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला. ज्या डिस्कच्या ताब्यामुळे ही मुभा मिळाली, तीच फेकून दिल्यावर कशाच्या आधारे उभे राहायचे?

संग्राहकांनी किमती फुगवल्या, या आरोपात तथ्य आहे. २०२१ साली ‘सुपर मारिओ ६४’ या व्हिडिओ खेळाचे एक सीलबंद खोके १५ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले आणि २०२२ साली जुन्या दुर्मीळ पीसी खेळांची बनावट खोकी विकली गेल्याचे उघड झाले. पण त्या बाजाराचा माळ्यावरच्या डीटीपी पॅकेजशी काही संबंध नाही.

जागेची अडचण कोणालाही असू शकते. तशी ती असेल तर खोके संपूर्ण, म्हणजे डिस्क, पुस्तिका, नोंदणीपत्र, तक्ते आणि लॉक यांच्यासकट, सांभाळणाऱ्या माणसाला द्यावे आणि काढलेली प्रतही त्याच्याच स्वाधीन करावी.